रुफाच्या घेवड्याचं मोहरबंद पोतं

मी आता जे सांगणार आहे ते तुमच्यापैकी कोणी खरं मानणार नाही. मानूही नका. जो मानेल त्याच्या अकलेची मला कीव येईल, आणि ज्याची कीव येते त्याला मी राकियाची दारू पाजत नाही. पण झालं ते झालं, आणि या नाकाने ते हुंगलंय. बघा हे नाक. चौतीस वर्षं झाली, डावी नाकपुडी अजून नीट उघडत नाही.

हे मी जावयाला ऐकवत होतो. ऑक्टोबरातली दुपार होती. अंगणात घोंगडी पसरून तिच्यावर घेवड्याचे वाळके वेल टाकले होते आणि माझी बायको स्तायका काठीने ते झोडपत होती. जावई ओग्न्यान झोडपलेले दाणे चाळणीतून पाखडत होता. मी निवडत होतो. सत्तरी आली की माणसाला निवडायला बसवतात; म्हणजे सगळ्या घरादारातली घाण त्याच्या नखाखालून जाते. सुरकुतलेला दाणा, बुरशीचा दाणा, उंदराने अर्धा खाऊन अर्ध्यावर मुतलेला दाणा. आणि भुंग्याचा दाणा. तो तुम्ही कधी बोटांत धरून दाबलाय? वरून गुळगुळीत, तुकतुकीत, एका बाजूला बारीक गोल खिडकी. दाबलात की त्या खिडकीतून जाडगेली पांढरी अळी अर्धी बाहेर येते आणि डोळे नसतानाही अशी बघते, जसं काही आपणच तिच्या घरात न विचारता शिरलोय. शी!

त्या वर्षी सरकारने सहकारी शेती मोडली आणि ज्याची जमीन त्याला परत दिली. आर्दा नदीकाठचा सासूबाईंचा तुकडा असा चौतीस वर्षांनी स्तायकाच्या नावावर परत आला. ओग्न्यानच्या डोक्यात तेव्हापासून चक्रं फिरत होती.

"बाबा," तो म्हणाला, "खालच्या तुकड्यात मी पुढच्या साली बुटका घेवडा लावणार. काठ्या नकोत, बांधाबांध नको. पेरला की नव्वद दिवसांत उपटून मोकळं."

"थुत्," मी म्हणालो.

"आता यात थुंकण्यासारखं काय आहे? तुमच्या वेलीच्या घेवड्याला सव्वाचार महिने लागतात. शेंगा भरतात न भरतात तोवर डोंगरावरून हिमाचा कडाका येतो."

"त्या तुकड्यात बुटका लावून झालाय, जावईबापू. तो तिथे कसा शिरला हे ऐकलंस तर संध्याकाळी घेवड्याचा रस्सा तुझ्या घशाखाली उतरणार नाही."

"उतरेल," ओग्न्यान म्हणाला. "मी गॅरेजात काम करतो. सांगा तुम्ही."

"नका सांगू, कारामफिल," स्तायका काठी न थांबवता म्हणाली. "एकदा सुरू झालात की निवडणं राहतं बाजूला."

मग मी सुरू झालोच.

माझ्या सासूबाई, रुफा, तेव्हा माझ्या सासूबाई व्हायच्या होत्या. मी सहकारी शेतीची गाडी हाकायचो आणि त्यांच्या दारावरून जाताना माझ्या बैलांना रोज तहान लागायची, कारण विहिरीवर स्तायका असायची. रुफा विधवा, उंच, वाळक्या काठीसारखी. तोंडात तीन दात उरले होते आणि ते तिन्ही घेवड्याच्या कामाला लावलेले. प्रत्येक ढिगातला दाणा त्या चावून बघायच्या. दाताचा व्रण उठला तर दाणा ओला, परत उन्हात. व्रण उठला नाही, दातच दुखला, तर पोत्यात. म्हणून तर तीनच उरले होते.

त्यांचा घेवडा त्यांच्या आजीच्या वेळचा. तपकिरी दाणा, त्यावर मांजराच्या पाठीसारखे काळे पट्टे. साऱ्या खोऱ्यात तो फक्त नदीकाठच्या त्या तुकड्यात होता, बारा फुटी काठ्यांवर. आता बघा, पेरल्यावर घेवडा कुठलाही असो, पहिले दिवस सारखेच. आठव्या दिवशी माती फुगते. मग वाकलेली मान वर येते, मग ती सरळ होऊन दोन जाड दलं उघडते, मग दोन साधी पानं, मग तीन-तीन पानांची जुडी. इथपर्यंत सगळे सभ्य. पण रुफाचा घेवडा तिपानी झाला की माणसाने त्याच्याशेजारी स्वस्थ उभं राहू नये. शहरातून पेंचेव नावाचा शेतकी अधिकारी यायचा, पांढरा सदरा, खिशाला दोन पेनं. तो एकदा वाफ्यात उभा राहून काहीतरी टिपत होता. जेमतेम पाव तास. निघायला पाय उचलतो तर उजव्या पायाला अडीच वेढे.

"अडीच?" ओग्न्यानने विचारलं.

"पावणेतीन होते, पण तू खोटं म्हणशील म्हणून कमी केले. आणि घेवडा वेढे घेतो ते कायम एकाच बाजूने, हे तुला ठाऊक आहे की नाही? मग सोडवायचा तर माणूस उलट्या बाजूने फिरवायला हवा. आम्ही चौघांनी पेंचेवला धरून तीन वेळा उलटा गरगर फिरवला. सुटला, आणि चक्कर येऊन थेट शेणखतात बसला. ताज्या. त्या दिवसापासून वेलीच्या घेवड्यावर त्याचा राग."

"हे मात्र अर्धं खरं आहे," स्तायका म्हणाली. "शेणात बसला होता."

तर या पेंचेवने बुटक्याचं बियाणं आणलं. सहकारी संस्थेच्या टोळीचा मुकादम मानोल, त्याने ते उचलून धरलं. मानोलबद्दल मी चांगलं बोलणार नाही. गेल्या ईस्टरला तो गेला, देवाने त्याला कुठेही ठेवावं, फक्त माझ्यापासून लांब. दिवसभर सूर्यफुलाच्या बिया चघळायचा आणि साली थुंकायचा. त्या साली त्याच्या ओठाला, हनुवटीला, सदऱ्याला चिकटलेल्या असायच्या, आणि बोलताना त्यातली एखादी तुमच्या गालावर यायची. ओली. कोमट. तुम्ही ती पुसलीत तर त्याला अपमान वाटायचा.

मानोल सभेत म्हणाला, "काठ्यांसाठी दर साली जंगल तोडायचं, बायकांनी शिड्या लावून शेंगा तोडायच्या, हे किती दिवस चालायचं? नदीकाठची सगळी जमीन बुटक्याखाली आणू."

रुफा उठल्या. "आधी माप लावा," म्हणाल्या. "वीस पावलं माझं, वीस पावलं तुझं. ज्याचा दाणा जास्त, त्याची जमीन. माझा कमी भरला तर काठ्या मी स्वतःच्या हाताने उपटीन."

असं ठरलं. तुकडा जाणार की राहणार ते त्या मापावर. स्तायका तेव्हा वीस वर्षांची. आई उपटीन म्हणाली म्हणजे उपटणार, हे तिला माहीत होतं. त्या रात्री ती जेवली नाही.

"जेवले होते," स्तायका म्हणाली. "भूक लागली होती."

आता बुटक्याचं सांगतो, आणि सांगताना मला राकियाने चूळ भरावी लागेल. गुडघ्याएवढं झुडूप. पस्तिसाव्या दिवशी फुललं, सगळं एकदम, कोणी हुकूम सोडल्यासारखं. पन्नासाव्या दिवशी शेंगा, त्याही सगळ्या एकदम, आणि लोंबून जमिनीला टेकलेल्या. जमिनीला टेकली शेंग की तिच्यात गोगलगाय शिरते. शंखवाली नव्हे, ती बिचारी निदान घर घेऊन फिरते. ही उघडी, काळी, बोटाएवढी. सकाळी त्या वाफ्यात अनवाणी गेलं की पायाच्या बोटांमधून ती बाहेर यायची, आणि तो चिकटा तीन दिवस साबणाने जायचा नाही. दाणा पांढरा, शिजवला की साल एकीकडे, गर एकीकडे, आणि चव धुण्याच्या पाण्याची. पण पीक यायचं, हे मी नाकारत नाही. ऐंशी-नव्वद दिवसांत सगळं झुडूप एकदम वाळलं, उपटलं, झोडपलं, झालं.

रुफाच्या वाफ्यात तेव्हा काय होतं? खाली वाळलेल्या शेंगा, मध्ये भरत आलेल्या, त्याच्या वर हिरव्या कोवळ्या, आणि शेंड्याला अजून फुलं. वेलीचा घेवडा तसाच. तो एकदम देत नाही, हप्त्याहप्त्याने देतो. पार पहिल्या हिमापर्यंत. ऑक्टोबरच्या मध्यावर माप लावलं असतं तर रुफाचा घेवडा बुटक्याच्या दीडपट भरला असता, हे गावातलं शेंबडं पोर सांगेल. पण पेंचेवने दिवस काय धरला? चौदा सप्टेंबर. क्रुसाचा सण. कारण त्याच्या कागदावर पीक नव्वद दिवसांचं होतं.

"हा अन्याय झाला," ओग्न्यान म्हणाला.

"मग काय तर! रुफाने वाळलेल्या शेंगा तेवढ्या तोडल्या, झोडपल्या, चावून बघितल्या. घरी मोजली तेव्हा सहा मापटी भरली. मानोलचा बुटका नऊ."

मापटं म्हणजे आमचं जुनं लाकडी माप, वर काठी फिरवून सपाट करायचं. वजनाचा काटा संस्थेत होता, पण संस्थेचा काटा म्हणजे मानोलचा काटा. म्हणून गावाने अडून लाकडी मापच मागितलं. आणि आमच्या गावची दुसरी खोड अशी, की मापाच्या आदल्या दिवशी दोघांची पोती संस्थेच्या कोठारात आणायची, तोंड शिवायचं, दोऱ्यावर मेण ओतून सगळ्यांसमोर मोहर करायची आणि दोन्ही शेजारी शेजारी ठेवायची. का? तर रातोरात कोणी गेल्या सालचा घेवडा मिसळू नये. एकदा मोहर केली की माप लागेपर्यंत ते पोतं मालकानेही उघडायचं नाही. उघडलं तो हरला.

"चांगली पद्धत," ओग्न्यान म्हणाला.

"चांगली! त्या पद्धतीमुळेच तर सगळी घाण झाली."

तेरा तारखेला सकाळी मी रुफाच्या घरून पोतं खांद्यावर घेऊन कोठारात आणलं. चांगलं टम्म होतं. कोणीतरी म्हणालंसुद्धा, "रुफाबाई, सहा म्हणत होता, हे तर नऊ-दहा दिसतंय!" रुफा गोंधळल्या. पोत्यावर हात फिरवला, काही बोलायला तोंड उघडलं, पण तोवर मानोलने मेण ओतलं. मोहर झाली.

आणि त्याच संध्याकाळी पाऊस. साधा नव्हे. आर्देत पाइनची झाडं उभीच्या उभी वाहत गेली, त्यातल्या एकावर कोंबडा बसलेला मी पाहिला, आणि तो वेळेवर आरवत होता. लाकडी पूल गेला. पेंचेव पलीकडे अडकला. त्याच्याशिवाय माप नाही, म्हणून सगळं पाच दिवस पुढे ढकललं. पाच दिवस! आणि पाऊस थांबल्यावर जे ऊन पडलं ते जुलैतलं. कोठाराच्या पत्र्यावर अंडं फुटलं तर शिजलं असतं.

पहिल्या दिवशी कोठारातून ओल्या कुत्र्यासारखा वास आला. आम्ही कुत्रा हाकलला. दुसऱ्या दिवशी वास आंबला. कोठारात संस्थेचं चीज ठेवलेलं होतं, त्याच्यावर आळ गेला; बिचारं चीज बाहेर काढून उन्हात ठेवलं आणि तेही नासलं. तिसऱ्या दिवशी वास पायऱ्या उतरून रस्त्यावर आला. मी गाडीवर बसलो होतो, वास बैलाच्या नाकात शिरला, बैल मागे फिरला आणि मला न विचारता घरी गेला. चौथ्या दिवशी आमचा पाद्री तिथून जाताना थांबला, टोपी काढली आणि मेलेल्यासाठीची प्रार्थना म्हणायला लागला. कोण मेलंय एवढं विचारायचं बाकी होतं. लोक शिव्या द्यायला लागले. पण मोहर! मोहर कशी मोडायची? सगळे नाकाला फडकं लावून बाहेर उभे, आणि आत कोणी जात नव्हतं.

मी गेलो. खिडकीतून पाहिलं. रुफाचं पोतं जागेवर नव्हतं.

"चोरलं?" ओग्न्यान म्हणाला.

"चाललं होतं. दाराकडे. हातभर सरकलं होतं. आणि पोत्याच्या विणीतून हजारो पांढऱ्या माना बाहेर आलेल्या, वाकलेल्या, ओल्या, एकमेकींना ढकलणाऱ्या. बिळातून उंदराची पिल्लं निघावीत तशा, केस नसलेल्या. त्या मानांनी जमीन ढकलून पोतं पुढे नेलं होतं."

"बाबा, घेवड्याला कोंब फुटला म्हणून पोतं चालत नाही."

"तू गॅरेजात काम करतोस. तुला काय माहीत आतून किती जोर येतो!"

स्तायका थांबली होती. काठी टेकवून ती घोंगडीच्या कडेला बसली. तिने तोंडावरचा रुमाल खाली ओढला. "पुढचं मी पाहिलंय," ती म्हणाली. "पण तुम्ही सांगा."

एकोणीस तारखेला पेंचेव दोरखंडाला धरून नदी ओलांडून आला. सगळं गाव कोठारासमोर. आधी मानोलचं पोतं उघडलं. कोरडा खडखडीत पांढरा दाणा, नऊ मापटी, वर एक मूठ. मग रुफाचं. पेंचेवने सुरीने मेण कापलं, दोरा ओढला.

पोत्याने आधी ढेकर दिली. हे तुम्ही खरं मानणार नाही, पण दिली. मग तोंडावर फेस आला, पिवळसर, आणि फेसाखालून जे निघालं त्याला मी घेवडा म्हणणार नाही. वरचे दाणे कोंबलेले, मधले सडलेले, खालच्यांचा लगदा. लगद्यातून तार सुटत होती, कच्च्या अंड्यासारखी. त्यात माश्यांनी आधीच संसार मांडलेला. पेंचेवने टोपी काढली. मला वाटलं आदराने. टोपीत ओकला. मग काय करावं न कळून त्याने ती परत घातली.

कोणी हसलं नाही. कारण रुफा पुढे आल्या आणि त्यांनी हात कोपरापर्यंत त्या लगद्यात घातला. अगदी खाली, तळाशी एखादा तरी धड दाणा आहे का, ते चाचपत होत्या. बराच वेळ. हात बाहेर काढला तेव्हा मुठीत एक कोंब होता. त्यांनी तो बघितला, झग्याला पुसला, आणि म्हणाल्या, "माझंच चुकलं. ओला भरला मी."

तीन दातांची ती बाई, एकेक दाणा चावून बघणारी. म्हणाली, ओला भरला मी.

दुसऱ्या दिवशी त्यांनी काठ्या उपटल्या. हिरव्या शेंगांसकट, फुलांसकट. कोणाला हात लावू दिला नाही. अंगणापुरत्या दोन काठ्यांच्या शेंगा तेवढ्या घरी आणून चुलीवर वाळवल्या; आज तू जो पाखडतोयस तो घेवडा त्या दोन काठ्यांचा. तुकडा बुटक्याखाली गेला. आणि पुढे अकरा वर्षं, मरेपर्यंत, त्या रोज म्हणायच्या, माझे दात मला फसवायला लागले. शेवटी शेवटी चण्याची डाळसुद्धा तीन-तीनदा वाळवायच्या.

ओग्न्यानने चाळणी खाली ठेवली. "पण मग ओला कसा भरला त्यांनी? इतकी काळजी घेणाऱ्या बाईने?"

आणि इथे, मित्रांनो, मी राकियाचा पेला उचलला, कारण एवढी वर्षं मी ही गोष्ट इथपर्यंतच सांगत आलो होतो. पण आता मानोल मेला होता.

"त्यांनी नाही भरला," मी म्हणालो. "मानोलने भिजवला."

स्तायकाने माझ्याकडे पाहिलं.

"मानोलने," मी म्हणालो. "बारा तारखेला दुपारी. तू आणि सासूबाई गिरणीवर गेला होतात. तो हलकट मागच्या दाराने आत शिरला. त्याने मरताना मला स्वतः सांगितलं."

"तुम्हाला?" ओग्न्यान म्हणाला. "तुम्ही तर त्याच्याशी बोलतही नव्हता."

"मरताना बोललो. मरणाऱ्याशी कोणीही बोलतं."

"पण मानोल तर जिंकतच होता. नऊला सहा. त्याला भिजवायची गरज काय?"

"घाणेरड्या माणसाला नुसतं जिंकून पुरत नाही, जावईबापू. समोरच्याला चिखलात बघायचं असतं. ऐक तर. कपडे धुवायची लाकडी डोणी होती ना मागे, तिच्यात त्याने घेवडा ओतला. गार पाणी नाही घातलं, कोमट घातलं. गार पाण्यात दाण्याला फुगायला रात्र लागते. पहिल्यांदा सालीला सुरकुत्या येतात. अडाणी माणूस तिथेच उपसेल आणि सुरकुतलेला दाणा बघून सगळ्या गावाला कळेल. तो थांबला. सुरकुती जाऊन साल ताणून बसेपर्यंत थांबला, पण फुटेपर्यंत नाही, कारण एक जरी साल फुटली तरी रुफाच्या नजरेतून सुटणार नाही. हाताने ढवळत बसला, अगदी हळू, आणि नख लागेल म्हणून नखं कापून आला होता. मग मुठीमुठीने उपसला, लोकरीच्या मऊ फडक्यावर पसरला आणि पुसला. पट्टे ओले असले की फार काळे दिसतात. ते परत तपकिरी दिसेपर्यंत पुसला. चुलीपाशी नाही ठेवला, तडकला असता. दाराच्या झुळकेत ठेवला. पाठ मोडून आली. मग पोत्यात भरला, तर काठोकाठ! सहाचे साडेनऊ, दहाला टेकलेले. उद्या माप लागलं असतं तर..."

मी पेला तोंडाला लावला.

"उद्या माप लागलं असतं तर काय?" स्तायकाने विचारलं.

"तर काही नाही. पाऊस आला."

"पाऊस आला नसता तर आई जिंकली असती."

मी निवडायला एक दाणा उचलला. तो चांगला होता. तरी मी तो किडक्यांत टाकला.

स्तायका उठली नाही, ओरडली नाही. घोंगडीवरची फोलपटं ती हाताने एका बाजूला सारत राहिली, जशी काही ती माझ्याशी नाही, त्या फोलपटांशी बोलत होती.

"ज्याला आईचा घेवडा नासवायचा असेल," ती म्हणाली, "तो पोत्यावर एक बादली ओततो आणि निघून जातो. नखं कापून येत नाही. पट्टे तपकिरी होईपर्यंत पुसत बसत नाही. मानोल नव्हता तो, कारामफिल. तुम्ही होता. अकरा वर्षं ती आपल्या दातांना दोष देत राहिली, आणि तुम्ही तिच्यासमोर बसून जेवत होता."